आईच्या कीर्तनासाठी घेतलेलं कार्ड

दुकानदाराने काचेच्या काउंटरवर कॅमेऱ्याची दोन मेमरी कार्डं शेजारी शेजारी ठेवली आणि तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. पोस्टाच्या तिकिटाएवढे दोन काळे तुकडे. एकावर दोनशे छप्पन लिहिलेलं, दुसऱ्यावर चौसष्ट, आणि चौसष्टवालं महाग. मी शाळेत गणित शिकवते, पण त्या दिवशी माझं डोकं आधीच तापलेलं होतं आणि लहान आकडा महाग का, याचाही मला राग येत होता. दोन दिवसांनी एकादशी होती. त्या संध्याकाळी आई आयुष्यात पहिल्यांदा उभी राहून कीर्तन करणार होती, आणि नमनापासून आरतीपर्यंत ते सगळं या दोनांपैकी एका तुकड्यावर उतरायला हवं होतं.

बनारसच्या दूधविनायक भागातल्या आमच्या गल्लीत रामाचं एक छोटं देऊळ आहे. चैत्रात नऊ दिवस तिथे मराठी कीर्तन होतं. बाबा ते करत आणि आई त्यांच्या मागे बसून पेटी वाजवी. लग्न होऊन बनारसला आली ती थेट पेटीसमोरच येऊन बसली, असं बाबा चारचौघांत गमतीने सांगत. मागच्या वर्षी बाबा गेले. देवळाचा कारभार बघणारे विश्वस्त पुण्याला असतात. त्यांचा फोन आला की आता कीर्तनकार आम्ही नेमतो. आई म्हणाली, मी करते. पलीकडून एक गृहस्थ म्हणाले, "वहिनी, तुम्ही पेटी फार छान वाजवता." आई म्हणाली, "कीर्तन पण येतं."

तेव्हा त्यांनी अट घातली. एक पूर्ण कीर्तन करा, त्याचं रेकॉर्डिंग पाठवा, आम्ही सगळे बसून बघतो. पण सलग हवं. एकच कॅमेरा, मधे कुठे तोडजोड नको. पूर्वी कुणीतरी चांगले चांगले तुकडे जोडून पाठवले होते आणि त्यांची फसगत झाली होती म्हणे. त्यात आईचा काय दोष, असं मी विचारणार होते, पण आईने माझ्या हातातून फोन काढून घेतला आणि "पाठवते" म्हणाली.

त्या दिवसापासून ती रोज पहाटे धुक्यात अमृतराव घाटाच्या पायऱ्यांवर जाऊन आवाज लावायची. घरात लावला तर शेजारी ऐकतील म्हणून नदीसमोर. साठीला आलेली बाई शाल गुंडाळून, दात वाजत असताना सूर लावते आहे, हे मी एकदा लांबून बघितलं आणि परत आले. मला रडू येत होतं, आणि रडू आलं की मी चिडते. म्हणून त्या दिवशी घरात सगळ्यांवर चिडले.

"वीडियो लंबा है?" दुकानदाराने मान न वळवता विचारलं.

"ढाई-तीन घंटे का. बीच में रुकना नहीं चाहिए."

"तो बड़ा ले लीजिए."

हे इतकं सरळ नसतं हे मला माहीत होतं, कारण मी त्यावर बरंच वाचून गेले होते. मोठा आकडा म्हणजे कार्डात किती मावतं. ते किती वेगाने लिहिलं जातं हे वेगळं, आणि ते इतकं बारीक छापतात की चष्मा पुसावा लागतो: इंग्रजी यू अक्षराच्या पोटात एक किंवा तीन. पोटात एक असेल तर फोनमधले फोटो, टॅबमधली पुस्तकं, गाणी, सगळं खुशाल चालतं. कॅमेरा मोठ्या प्रतीचं चित्र सलग ओतायला लागला की तीन लागतो. वर जो ठळक शंभरचा आकडा असतो तो वाचायचा वेग, लिहायचा नव्हे. तो आपल्याला भुलवायला असतो. चौसष्टवाल्याच्या पोटात तीन होता, पण त्यात मोठ्या प्रतीचं कीर्तन अर्ध्यावरच संपलं असतं. दोनशे छप्पनच्या पोटात एक. दोन्ही गुण असलेलं कार्ड त्या दुकानात नव्हतं, आणि चार दुकानं फिरायला मला वेळ नव्हता.

सलग हवं, म्हणजे आधी मावायला हवं. असं ठरवून मी मोठं घेतलं. मग जीव राहीना म्हणून छोटंही घेतलं. मी चिडखोर आहे, पण बेफिकीर नाही.

कॅमेरा रामनगरच्या एका मैत्रिणीचा होता. तो आणून मी घरात मोठं कार्ड घालून बघितलं. खोलीच्या भिंतीसमोर ठेवला आणि स्वयंपाक होईपर्यंत चालू राहू दिला. कुठे अडलं नाही. मोठ्या प्रतीचं, म्हणजे ज्यात आईच्या कपाळावरची रेषसुद्धा दिसेल असं चित्र मला हवं होतं. पुण्याच्या लोकांनी आईला एवढी वर्षं पेटीमागची बाई म्हणून बघितलं होतं. आता चेहरा बघा म्हणावं, असं माझ्या मनात होतं. रिकामी भिंत टिपायला कार्डाला काहीच मेहनत पडत नाही, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

एकादशीला देऊळ भरलं म्हणावं इतकं भरलं. आमच्याकडे कीर्तनकार देवाकडे तोंड करून उभा राहतो. श्रोते दोन्ही बाजूंना बसतात आणि मधली वाट मोकळी ठेवतात. साथीदार कीर्तनकाराच्या मागे. कीर्तन चालू असताना देव आणि कीर्तनकार यांच्या मधून कुणी जात नाही. लहान मूलसुद्धा रांगत निघालं तर त्याची आई त्याचा पाय धरून मागे ओढते. आईचा चेहरा दिसायचा तर कॅमेरा गाभाऱ्याच्या उंबऱ्याशीच ठेवायला हवा होता. आई म्हणाली, "देवाच्या आन् माझ्या मधे नको हं ते." म्हणून दाराच्या डाव्या अंगाला, समईच्या पलीकडे स्टूल ठेवलं आणि त्यावर कॅमेरा. मी बटण दाबलं. पुढच्या बाजूचा बारका लाल दिवा लागला. मी मागे येऊन झांज हातात घेतली. तबल्याला शेजारचे पंडितजी होते. पेटी नव्हती, कारण पेटी वाजवणारीच उभी होती. सुरासाठी मी टॅबवर तंबोरा लावून ठेवला होता.

आईने नमन सुरू केलं. घाटावरचा तो आवाज कुठेच नव्हता. ती एकेक शब्द मोजून टाकत होती. बाबांचे हातवारे, बाबांचं थांबणं, बाबांनी हशा घ्यायची जागा, सगळं जसंच्या तसं, पण वाळत घातलेल्या कपड्यासारखं ताठ. मागून मला तिची मान दिसत होती. ती मान त्या लाल दिव्याच्या दिशेने धरलेली होती आणि हलत नव्हती. बाजूच्या एक काकू माझ्याकडे बघून उगाच हसल्या. मला त्या हसण्याचा अर्थ कळला. पेटीच बरी होती, असा होता तो.

निरूपण सुरू झालं तरी तसंच. मी मनातल्या मनात पुण्याच्या त्या लोकांना हे बघताना बघत होते. एक जण चहा घेतोय, एक जण घड्याळ बघतोय. आणि मग एकाएकी आई मोकळी झाली.

कसं ते सांगता येत नाही. एका वाक्याच्या मधेच तिचे खांदे उतरले. ती वळली, उजवीकडच्या बायकांकडे बघून काहीतरी बनारसी ढंगात बोलली, आणि देवळात खरा हशा पिकला. दृष्टांत तिने बाबांचा टाकला आणि स्वतःचा घेतला, गल्लीतल्या नळावरच्या भांडणाचा. त्यातून ती कधी अभंगावर आली ते कळलंसुद्धा नाही. आवाज भरून वर गेला. पंडितजींनी माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. मला इतका आनंद झाला की मी कॅमेऱ्याकडे बघितलं, हे सगळं नीट उतरतंय ना म्हणून.

लाल दिवा विझलेला होता.

बॅटरी पूर्ण भरलेली होती, म्हणजे कार्डच. समया, आरास, हलणारे हात, डुलणारी माणसं, एवढं सगळं त्या कार्डाला लिहवेना आणि कॅमेऱ्याने हात टेकले. उठावं आणि जावं असं वाटलं. दोन्ही बाजूंना भिंतीपर्यंत माणसं दाटलेली, त्यामुळे जायची वाट एकच होती, आईच्या आणि देवाच्या मधून. मला स्वतःला त्याचं फारसं काही वाटलं नसतं, मी तेवढी सोवळी नाही. पण ती वाट मी मोडली असती तर आई थांबली असती. आणि आत्ता, या घडीला, ती थांबायला नको होती. मी बसून राहिले. आयुष्यात इतकं अवघड बसणं मी कधी बसले नाही. समोर आई रंगात आलेली, त्यातलं अक्षरही कुठे उतरत नव्हतं, आणि ज्यांनी ते बघायचं ते पुण्यात.

माझ्या नकळत झांज पळायला लागली. लवकर मध्यंतर यावं म्हणून असेल. पंडितजी माझ्या मागे ओढले गेले, भजन धावायला लागलं. आईने न वळता डावा पाय जमिनीवर ठाम टेकवला, एकदा, दोनदा, आणि लय जागेवर आणली. इतकी वर्षं मागे बसून बाबांची लय सांभाळलेली बाई ती. मी मान खाली घातली आणि तिच्या पायाकडे बघत वाजवत राहिले.

निरूपणाचा पूर्वरंग संपला, नामाचा गजर सुरू झाला. या वेळी कीर्तनकाराला हार घालतात, बुक्का लावतात, तेवढ्यापुरती वाट मोकळी होते. मी उठले. रुमालाच्या गाठीतलं छोटं कार्ड काढताना ते एकदा हातातून पडलं. कॅमेऱ्याच्या पडद्यावर ओळ होती की कार्डाचा वेग अपुरा, रेकॉर्डिंग थांबवलं. मोठं कार्ड काढलं, छोटं घातलं. या वेळी चित्राची प्रत साधी ठेवली, म्हणजे पुढचा आख्यानाचा उत्तररंग लांबला तरी पुरून उरेल. आणि ते करताना माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मोठी प्रत पुण्याच्या लोकांनी मागितलीच नव्हती. साध्या प्रतीत ठेवलं असतं तर या दोनांपैकी कुठल्याही कार्डावर अख्खं कीर्तन उतरलं असतं. दुकानात मी कार्ड निवडत बसले आणि जे निवडायला हवं होतं ते कॅमेऱ्यात होतं.

मान वर केली तर आई समोर. गळ्यात हार, कपाळाला बुक्का, ओठांवर गजर. गजर न थांबवता ती माझ्याकडे वाकली आणि हळूच म्हणाली, "राहू दे ना गं. बंद होतं तेच ठीक होतं."

तिने दिवा विझताना बघितला होता. म्हणून ती मोकळी झाली होती.

"आई, मग पाठवायचं काय?"

"परेशान नको होऊ. लावू नको."

गजर चालू होता. लोकांना वाटत असेल लेक आईचा आशीर्वाद घेतेय. मला एका क्षणात दोन्ही दिसलं. कॅमेरा लावला तर ती पुन्हा ताठणार, नाही लावला तर चैत्रात तिच्या जागी दुसरं कुणी. मी बटण दाबलं, लाल दिवा लागला. मग माझ्या कपाळावरची टिकली काढली आणि त्या दिव्यावर चिकटवली. आईच्या देखतच. तिला फसवायचं नव्हतं. आईने टिकलीकडे बघितलं, मग माझ्या कपाळाकडे, आणि तिला हसू आवरेना. हसतच तिने आख्यान सुरू केलं.

दोन भावांच्या भेटीचं आख्यान होतं. मी ते बाबांकडून कितीतरी वेळा ऐकलं होतं, पण त्या संध्याकाळी मी झांज वाजवायची विसरले आणि पंडितजींनी मला कोपराने ढोसलं. मघाशी हसलेल्या काकू पदराला नाक पुसत होत्या. आरती झाल्यावर कुणी उठेना.

घरी येऊन मी तपासलं. मोठ्या कार्डावर सुरुवातीचा ताठ भाग होता. छोट्या कार्डावर उत्तररंग पूर्ण. मधलं, ती मोकळी झाल्यानंतरचं पूर्वरंगातलं सगळं, कुठेच नव्हतं.

"उद्या परत उभी राहा," मी म्हटलं. "तीच साडी, त्याच समया. तेवढाच भाग करू आणि जोडू. कुणाला कळणार नाही."

"जोडायचं नाही असं सांगितलंय त्यांनी."

"मग अख्खं परत कर. पुढच्या एकादशीला कर."

"त्यांना याच हफ्त्यात हवं आहे. आन् समज, थांबले ते, तरी नाही करणार. मी ते कॅमेऱ्यासाठी बोलले होय? देवासमोर बोलले, लोक हसले, रडले, झालं. आता तेच बोलून परत त्यांना हसवू?"

"म्हणजे माझ्या एका चुकीपायी तू घरी बसणार."

"तू चिडू नको आधी," आई म्हणाली. "आहे तेवढं पाठव. खरं ते सांग."

आम्ही खूप भांडलो. खरं म्हणजे मीच भांडले, ती भाजी निवडत होती. शेवटी मी उत्तररंग पाठवला आणि काय झालं ते जसंच्या तसं लिहिलं.

पाठवायच्या आधी तिला एकदा दाखवला. तोवर तिने बघायचं टाळलं होतं. टॅब मांडीवर घेऊन ती शेवटपर्यंत बघत राहिली. मग म्हणाली, "कीर्तन समोरून असं दिसतं होय." मला आधी समजलं नाही. मग लक्षात आलं की ती आयुष्यभर मागे बसली. बाबांचं कीर्तन तिने ऐकलं होतं, पण ते करताना बाबांचा चेहरा कधी बघितला नव्हता. मी उठून दुसऱ्या खोलीत गेले, कारण मला रडताना कुणी बघितलेलं चालत नाही.

पुण्याच्या लोकांचा फोन येईस्तोवर जीव टांगणीला लागला होता. आई तेवढी रोजच्यासारखी घाटावर जात होती. फोन आला तेव्हा तिने स्पीकर लावला आणि मला खुणेने गप्प बसायला सांगितलं.

"वहिनी, जेवढं पाठवलंत तेवढं फार छान झालंय," ते गृहस्थ म्हणाले. "खोटं नाही सांगत. पण सलग नाही, त्यामुळे मला ते बाकीच्यांपुढे ठेवता आलं नाही. नियम सगळ्यांना सारखा. इथून एक बुवा येतील."

आई म्हणाली, "बरं."

मी त्या कार्डाला, दुकानाला, स्वतःला मनातल्या मनात वाटेल ते बोलले.

"आता एक विनंती आहे," ते पुढे म्हणाले. "बुवांना तिथे पेटीला कुणी नाही. मराठी कीर्तनाची साथ बनारसमध्ये तुमच्याशिवाय कोण करणार? नऊ दिवस तेवढं सांभाळून घ्या."

मी फोन हिसकावायला हात पुढे केला. आईने तो कानाजवळ ओढून घेतला.

"पेटीला दुसरं कुणी बघा," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "मी आता कीर्तन करते."

"अहो पण वहिनी, दुसरं कोण आहे तिथे?"

"नाही कोणी."

ते थांबले. आईसुद्धा थांबली. अशा वेळी समोरच्याला अवघडलेपणातून सोडवायला काहीतरी बोलून टाकायची तिची सवय आहे. या वेळी ती बोलली नाही. मग ते जरा घाईने म्हणाले, "असं करू. अष्टमीचा एक दिवस तुमचा. हे मी माझ्या जबाबदारीवर सांगतो, बाकीच्यांना मी बघून घेईन. उरलेले आठ दिवस मात्र तुम्ही पेटीला बसा."

मी जोरजोराने मान हलवली. घे, घे, हो म्हण. एक दिवस तर एक दिवस.

"चालेल," आई म्हणाली. "मग अष्टमीला माझ्या मागे पेटीला तुमचे बुवा बसतील ना?"

हे त्यांच्यापैकी कुणाच्या मनातही आलं नव्हतं. माझ्याही आलं नव्हतं. एकादशीला मी तिच्या मागे टॅब लावला होता आणि तेवढ्याने सगळी सोय झाली असं समजले होते. आई फोन कानाला लावून, उत्तराची वाट बघत, खोलीच्या मधोमध उभी होती.